न केलेली सही

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार. आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून मुलांसाठी एक अभ्यासिका आहे. रविवारी सकाळी तिथे बसून आम्ही मुलांचे शिष्यवृत्तीचे, दाखल्याचे, वसतिगृहाचे अर्ज भरून देतो. नोकरी कारकुनाची, त्यामुळे समाजकार्य म्हणून आमच्या हातून जे काही होते ते कागदाचेच. त्या दिवशी गर्दी पांगल्यावर एक मुलगी मागे उरली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. बाप तुमसरच्या एका राइस मिलमध्ये हमाल, माय घरी बिड्या वळते. पोरगी लहानपणापासून आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली. ती म्हणाली, "काकाजी, टी.सी. काढाचा अर्ज लिहून द्या."

आम्हाला वाटले, कॉलेज बदलायचे असेल. विचारले, "कुठे नाव घालतेस?"

"कुठीच नाही जी. सोडून देतो कॉलेज."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. एका विषयाचे प्राध्यापक आठवड्यातून जेमतेम दोन तास घेतात. आले तरी जुन्या पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचून दाखवतात. शंका विचारली तर "शिकवणी लावा" म्हणतात. विद्यापीठाचा पेपर ऐंशी गुणांचा आणि वीस गुण कॉलेजच्या हातातले. त्या विसांत हिला सहा मिळाले होते. विचारायला गेली तर साऱ्या वर्गासमोर सर म्हणाले, "तुम्ही शिष्यवृत्तीचे पैसे घ्यायला येता, शिकायला कोण येतं?" वर्ग हसला. ती घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून गेलीच नाही.

कॉलेजचे आणि त्या प्राध्यापकांचे नाव येथे देत नाही. प्रकरण अजून मिटलेले नाही, आणि निकालाआधी कुणाला गावभर दोषी ठरवणे आम्हाला बरे वाटत नाही.

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. मायने पान कातरता कातरता सांगितले, "मास्तरच्या तोंडी नको लागू म्हणलं बाई. त्याच्या हाती मार्कं." भाऊ चोवीस वर्षांचा, मिलच्या ट्रकवर असतो. तो म्हणाला, "मी त्याले बसस्टँडवर पाहून घेतो." बाप काहीच बोलला नाही. दिवसभर पोती वाहून आलेला माणूस काय बोलणार? शेवटी इतकेच म्हणाला, "शिकली असती तर बरं झालं असतं." असती! दोन वर्षे पोटाला चिमटा घेऊन शिकवलेल्या मुलीबद्दल त्या घरात भूतकाळ सुरू झाला होता.

आम्ही टी.सी.चा अर्ज लिहून दिला नाही. का दिला नाही ते सांगायचे तर आधी आमची स्वतःची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगायला पंचवीस वर्षे लागली.

१९९९ साली आम्ही बी.कॉम.ला होतो, जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात. नागपूर विद्यापीठातला फेरतपासणीचा घोटाळा उघडकीस आला तेच ते वर्ष. त्यानंतर कितीतरी दिवस नागपूरची पदवी म्हटली की मुलाखत घेणारे गालात हसत, आणि प्रामाणिकपणे पास झालेल्या पोरांनी मान खाली घालायची. ते असो. आमच्या वर्गात एक मित्र होता. हिशेबात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रोजकीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून तेरीज तो आमच्या निम्म्या वेळात करी, आणि तेरीज पहिल्याच फटक्यात जुळे. आम्हाला बेरजेतला फरक सापडायला तास लागायचा. तो नुसता कागदावरून बोट फिरवून सांगे, "इथं पाहा, जमेचं नावे टाकलंस."

त्या विषयाचे प्राध्यापक उत्तरपत्रिका वाटताना आडनावे मोठ्याने वाचीत. काही आडनावांनंतर एक विनोद ठरलेला असे. मित्राच्या उत्तरावर त्यांनी एकदा लाल रेघ मारली. तो उभा राहून म्हणाला, "सर, तेरीज तर जुळली आहे." सर म्हणाले, "जुळली असेल. कोणाची पाहून जुळवली ते सांग."

आम्ही पाच जण होतो. प्राचार्यांना अर्ज द्यायचे ठरले. फुलस्केप कागद आणला, मजकूर मित्रानेच लिहिला. त्याची सही झाली, आणखी एकाची झाली. कागद आमच्यापुढे आला तेव्हा आम्ही म्हणालो, "उद्या करतो." आमचे वडील खाणीवर होते, घरात आम्ही चार भावंडे, आणि त्या वर्षीच्या शिष्यवृत्तीच्या कागदावर त्याच सरांची सही लागणार होती. दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजला गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी इतर दोघे म्हणाले, तू नाही तर आम्हीही नाही. दोन सह्यांचा अर्ज कोणी दिला नाही. दिवाळीनंतर मित्र परतला नाही. हजेरीपटावर त्याचे नाव मार्चपर्यंत होते. रोज हाक पडायची आणि सर पुढे जायचे.

आम्ही पास झालो, कारकून झालो. पहिली नेमणूकच आवक-जावक टेबलावर. तिथे एक गोष्ट शिकलो जी आम्हाला कुठल्याही प्राध्यापकाने शिकवली नव्हती. टेबलावर आलेल्या कागदाला क्रमांक पडतो, तारीख पडते. क्रमांक पडलेला कागद कोणाच्या तरी नावावर चढतो आणि त्याचे काय झाले हे त्याला कधीतरी सांगावे लागते. तोंडी तक्रारीला क्रमांक पडत नाही. निनावी पत्र आले तर बहुतेक वेळा त्यावर दोन शब्दांचा शेरा बसतो, 'दप्तरी दाखल', आणि ते पत्र संपते. मारहाणीची धमकी आली तर तक्रारदारच आरोपी होतो.

म्हणून त्या रात्री सर्वांत आधी भावाची समजूत घातली. बसस्टँडवर हात उचललास तर उद्या पोलीस ठाण्यात तुझे नाव लागेल, सर इस्पितळात जाऊन दाखला आणतील आणि बहिणीचे सहा गुण कोणाच्या लक्षातही राहणार नाहीत. तो ऐकून घेऊन गप्प बसला. पटले की नाही ठाऊक नाही, पण गेला नाही.

पुढच्या रविवारी त्या मुलीसोबत तिच्या वर्गातली चार मुले अभ्यासिकेत आली. त्यातली दोन आपल्या समाजाची नव्हती. ते पाहून आम्हाला बरे वाटले. जो मास्तर तास घेत नाही तो सगळ्यांचेच नुकसान करतो. जातीवरून बोचणारे शब्द मात्र ठराविक मुलांच्याच वाट्याला येतात. या दोन गोष्टी एकाच अर्जात कालवल्या की दोन्ही पातळ होतात.

मुलांनी एक अर्ज लिहूनच आणला होता. चार पाने. त्यात 'हुकूमशहा' हा शब्द तीनदा, 'निलंबित करा' पाचदा आणि शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन'. तारीख एकही नव्हती. आम्ही विचारले, "सर नेमके कोणत्या दिवशी आले नाहीत?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. "नेहमीच येत नाहीत जी." आम्ही म्हणालो, 'नेहमी' ही काही तारीख नाही. मग एका मुलीने दप्तरातून वही काढली. ती दररोज कोणता तास झाला ते पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवी, बसचा पास असल्यामुळे घरी हिशेब द्यावा लागे म्हणून. त्या कोपऱ्यांवरून सबंध सत्राचा तक्ता निघाला: वेळापत्रकाप्रमाणे किती तास, प्रत्यक्षात किती, अभ्यासक्रमातली कोणती प्रकरणे झाली आणि कोणती नाहीत. चार पानांच्या संतापापेक्षा तो एक तक्ता भारी होता.

त्याच बैठकीत एक अप्रिय प्रश्नही विचारावा लागला. "तुमची स्वतःची हजेरी किती?" आमची मुलगी खाली पाहू लागली. रोवणीच्या दिवसांत ती नऊ दिवस मायसोबत दुसऱ्याच्या बांधीत होती. आम्ही सांगितले, हे लपवायचे नाही, अर्जातच लिहायचे. आपण लपवलेली गोष्ट समोरच्याच्या हाती लागली की बाकीचे खरेही खोटे ठरते. कडक मास्तर आणि वाईट मास्तर यातला फरकही त्याच दिवशी मुलांशी बोललो. कमी गुण देतो, गृहपाठ परत करतो, उशिरा आलेल्याला दाराबाहेर उभा करतो तो वाईटच असतो असे नाही. आम्हाला ज्यांचा सर्वांत राग यायचा त्या इंग्रजीच्या सरांमुळेच आज कार्यालयात आम्ही चार ओळींचे पत्र नीट लिहू शकतो.

बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेत दोन्ही प्रकारची माणसे भेटतात. मुंबईला हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. शिकवायलाच नकार देणारा तो वाईट शिक्षक. उलट लंडनचे पाहा. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध परीक्षकांना रुचला नाही. १९२३ साली तो पुन्हा लिहून आणा असे सांगण्यात आले. जवळचे पैसे संपत आले होते. बाबासाहेब मुंबईला परतले, मांडणी सुधारून प्रबंध पुन्हा पाठवला, पण चरित्रकार सांगतात की निष्कर्ष बदलले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मान्य झाला, पुस्तक म्हणूनही निघाला. त्याला प्रस्तावना लिहिली त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि त्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट म्हटले की आपल्याला लेखकाची बरीच टीका मान्य नाही. मत पटले नाही तरी विद्यार्थ्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारा गुरू! वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून आम्हाला त्या पुस्तकाचे कौतुक आहेच, पण त्या प्रस्तावनेचे थोडे जास्त आहे.

आणि तेच बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य कॉलेजात प्राध्यापक झाले तेव्हा काही सहकाऱ्यांनी त्यांच्या माठातले पाणी पिण्यावर हरकत घेतली. विद्यार्थी मात्र, दुसऱ्या कॉलेजांचेसुद्धा, त्यांच्या तासाला येऊन बसत. मास्तर कसा आहे हे विद्यार्थ्याला बरोबर कळते. अडचण असते ती ते कुठे आणि कसे सांगावे याची.

तर अर्ज. आधी दोन मुलांनी सरांच्या मोकळ्या तासाला त्यांची गाठ घ्यावी आणि गुणांबद्दल विचारावे, असे ठरले. मुलांना ते आवडले नाही, पण पुढे कोणी विचारले की "आधी सरांना भेटलात का?" तर 'हो' म्हणता आले पाहिजे. ती दोघे गेली. सर म्हणाले, "नंतर या." नंतर गेली तर सर घरी गेले होते. त्या दोन्ही तारखा वहीत नोंदल्या. मग एक पानाचा अर्ज झाला: प्राचार्यांच्या नावे, खाली तक्ता जोडलेला, मागणी दोनच. राहिलेले तास घ्यावेत आणि अंतर्गत गुण कशाकशाचे किती दिले ते दाखवावे. सह्या हजेरीपटाच्या क्रमाने घेतल्या. ही युक्ती आमची. क्रमाने सह्या असल्या की पुढारी कोण हे कळत नाही आणि एकावर राग काढता येत नाही. एकोणीस सह्या झाल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक इतर समाजांतल्या मुलामुलींच्या.

दुसरा अर्ज एकट्या मुलीचा, सरांच्या त्या वाक्याबद्दल. वस्तीतल्या एका पुढाऱ्याने सल्ला दिला, "यात जातीचं नाव घेतलं असं टाका, ॲट्रॉसिटी लागते." आम्ही मुलीला विचारले, "घेतले होते का?" ती म्हणाली, "नाही जी. बोलले तेवढंच बोलले." मग तेवढेच लिहायचे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. तो मिळवायला आणि टिकवायला समाजाने किती खस्ता खाल्ल्या! त्यात खोटी ओळ घालणे म्हणजे उद्याच्या खऱ्या तक्रारदाराच्या पायाखालची फळी काढणे. तिने वाक्य जसेच्या तसे, तारीख, तास, आणि ऐकणाऱ्या तिघांची नावे लिहिली. 'शिष्यवृत्तीचे पैसे घ्यायला येता' हे 'तुम्ही' कोण, हे वाचणाऱ्याला कळायला जातीचे नाव लागत नाही.

कॉलेजच्या कार्यालयात अर्ज घ्यायला कोणी तयार होईना. "प्राचार्य आल्यावर द्या." "पोच द्यायची पद्धत नाही." आमच्याच जातभाईने, म्हणजे कारकुनाच्या जातीच्या भावाने, मुलांना तीनदा परत पाठवले. त्याचेही आम्हाला कळते. पोच दिली की वरून विचारणा होणार हे त्याला ठाऊक. चौथ्या दिवशी दोन्ही अर्ज स्पीड पोस्टाने गेले. पोस्टाची पावती हीच पोच. पाचव्या दिवशी कॉलेजातून निरोप आला की या, आवक क्रमांक घेऊन जा.

येथे पालकांसाठी थोडे लिहितो, कारण हे कोणी सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नियम केले. त्याप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. त्या समितीत निदान एक महिला आणि निदान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गाचा असला पाहिजे. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या पंधरा दिवसांत समितीने अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्याला द्यायची. पटले नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. हे लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशांपैकी असतात. विद्यापीठाच्या लेखी पेपरचे गुण संशयास्पद वाटले तर माहितीच्या अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट आणि एक कागद, एवढाच खर्च. आणि मुलीला कोणी वाईट हेतूने छळत असेल, बोलावत असेल, हात लावत असेल, तर तो या समितीचा विषय नव्हे. त्यासाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती वेगळी, आणि तिथे तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. अशा वेळी मायबापांनी कॉलेज बंद करून लग्नाची घाई करू नये. आपल्याकडे ते फार होते. गुन्हा एकाचा आणि शिक्षा पोरीच्या शिक्षणाला.

कोणी म्हणेल, एका तालुक्याच्या कॉलेजातल्या सहा गुणांसाठी एवढा खटाटोप? मोठ्या ठिकाणी काय चालते ते पाहा. दिल्लीच्या एम्समधल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या तक्रारींवर आपल्या अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात यांची समिती बसली होती. २००७ साली तिचा अहवाल आला. शिक्षकांकडून पुरेशी मदत मिळत नाही असे अनुसूचित जाती-जमातींच्या ६९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. ही डॉक्टर होणारी पोरे, देशातून निवडून आलेली! दिल्लीतच वर्धमान महावीर वैद्यकीय महाविद्यालयातले अनुसूचित जाती-जमातींचे ३५ विद्यार्थी शरीरक्रियाशास्त्र या एकाच विषयात पुन्हा पुन्हा नापास होत होते. एकेकट्याला विचारले असते तर प्रत्येकाला वाटले असते की आपलाच अभ्यास कमी पडला. सगळे एकत्र आले, निकालाचे आकडे शेजारी शेजारी मांडले तेव्हा चित्र उमटले. ते न्यायालयात गेले, अनुसूचित जाती आयोगाकडे गेले. आयोगाने मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. भालचंद्र मुणगेकर यांना चौकशीला नेमले आणि २०१२ च्या अहवालात त्यांनी जातीय भेदभाव झाल्याचे नमूद केले. आमच्या मुलांच्या वहीच्या कोपऱ्यांतला तक्ता आणि तो तक्ता एकाच जातीचा.

आणि जिथे पोर एकटे पडते तिथे काय होते तेही आपण पाहिले. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईला डॉ. पायल तडवी गेली. तिच्या तक्रारीतले लोक प्राध्यापक नव्हते, वरच्या वर्गातल्या डॉक्टर होत्या, पण बोचण्याची तऱ्हा तीच. भेदभाव रोखण्याचे अनुदान आयोगाचे नियम २०१२ सालीच झाले होते. ते नीट पाळले जावेत म्हणून २०१९ साली या दोघांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नियम छापून सात वर्षे झाल्यावर ते पाळा असे सांगायला मुले गमावलेल्या दोन आयांना जावे लागले. म्हणून आमचे मुलांच्या मायबापांना हात जोडून सांगणे आहे की पोर कॉलेज सोडतो म्हणाले तर आधी जेवू घाला आणि मग कारण विचारा. "आम्ही इतके कष्ट करतो आणि तू..." हे वाक्य त्या दिवशी गिळा.

आता आमच्या मुलीचे काय झाले ते. समितीच्या पंधरा दिवसांचे बावीस झाले. मध्ये एक स्मरणपत्र द्यावे लागले. समितीने मुलांना एकेक करून आत बोलावले. मुले घाबरली होती, पण सगळ्यांच्या हातात त्या तक्त्याची प्रत होती, त्यामुळे सगळ्यांनी तेच सांगितले. अहवाल आला. राहिलेले तास घेण्याचे आदेश झाले आणि सर जानेवारीपासून वेळेवर येऊ लागले. शिकवणे सुधारले का? मुले म्हणतात, वही तीच आहे. गुणांमध्ये तीन विद्यार्थ्यांच्या नोंदी चुकलेल्या निघाल्या. आमच्या मुलीने दिलेला प्रकल्प कपाटात सापडला आणि सहाचे बारा झाले. रोवणीच्या नऊ दिवसांचे गुण गेले ते गेलेच, त्यावर तिने काही म्हटले नाही. बाकी कोणाचे गुण बदलले नाहीत आणि दोन मुले त्यामुळे आमच्यावरही नाराज आहेत.

त्या वाक्याबद्दल अहवालात एकच ओळ होती: संबंधित प्राध्यापकांनी समितीसमोर खेद व्यक्त केला असून त्यांना समज देण्यात आली आहे. आम्ही मुलीला म्हणालो, झाले ते पुष्कळ झाले, आता परीक्षेकडे लक्ष दे. ती म्हणाली, "काकाजी, सर बोलले वर्गात. खेद व्यक्त केला बंद खोलीत. मले कोणी सांगतलंच नाही." आम्ही समजावले की अपील म्हणजे पुन्हा कागद, पुन्हा दिवस, आणि सर अजून तिथेच आहेत. तिने ऐकून घेतले आणि मुदतीच्या तेराव्या दिवशी स्वतःच्या हाताने अपील लिहून पाठवले. आम्हाला दाखवले ते पाठवून झाल्यावर. एकही शब्द बदलावा असे त्यात काही नव्हते. अपिलाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. तिने एक स्मरणपत्र पाठवले आहे. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासिकेत तिने आवक-जावकची एक वही सुरू केली आहे आणि मुलांच्या अर्जांना क्रमांक तीच टाकते. तिची माय अजूनही म्हणते, मास्तरच्या तोंडी लागू नये.

आमचा तो मित्र तुमसरलाच असतो. धानाच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. इतक्या वर्षांत भेटी पुष्कळ झाल्या, लग्नाकार्यात, धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या गाडीत, पण त्या कागदाबद्दल कधी बोलणे झाले नाही. परवा बाजारात गेलो तेव्हा एकोणीस सह्यांच्या अर्जाची झेरॉक्स खिशात होती. त्याच्या गादीवर बसलो आणि ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावला. आधी तक्ता पाहिला. बोट फिरवत तासांची बेरीज केली आणि म्हणाला, "जुळते." मग सह्या पाहिल्या, एकेक करून, खालपर्यंत.

"यात तुझी सही कुठे आहे?"

आम्ही म्हणालो, "आमची कशी असेल? आम्ही काय विद्यार्थी आहोत?"

त्याने कागदाची घडी केली आणि परत आमच्या हातात दिली. "तेव्हा होतास," तो म्हणाला, आणि चहा सांगितला.